नडगी न मोडता भरतीची तयारी: एका अकॅडमीचा रिव्ह्यू (लांब झालाय, सांभाळून घ्या)

आधी मी कोण ते सांगतो. मी मिलिटरीतला नाही. कराडला एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. आर्मी भरतीचा सीझन जवळ आला की आमच्याकडं पोरांची रांग लागते, सतरा ते एकवीसची पोरं, केस बारीक, पाय जपून टेकवत येतात आणि चिठ्ठीवर नडगीचा एक्स-रे लिहिलेला असतो. आता मी न बघताच विचारतो, कुठल्या अकॅडमीत आहेस बाबा. उत्तरं ठराविक तीन-चारच येतात. ज्या अकॅडमीचं नाव या अकरा वर्षांत माझ्या टेबलावर फक्त दोनदा आलं तिचा हा रिव्ह्यू आहे.

नाव लिहीत नाही, कारण ती चालवणाऱ्या सुभेदार साहेबांनीच हात जोडून सांगितलंय की ४८ कॉट आहेत, ४९ वा पोरगा घेणार नाही, उगाच गर्दी आणू नका. कराडपासून तासाभराच्या आत आहे, उसाच्या पट्ट्यात, एवढं पुरे.

मामाचा पोरगा तिथं सात महिने होता. त्याआधी तो दुसऱ्या एका अकॅडमीत होता (तिचंही नाव नको, जाऊ द्या) आणि ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू कळणार नाही. तिथं पहिल्या दिवशी डांबरी रोडवर ५ किलोमीटर, दुसऱ्या आठवड्यात १०, वर टायमिंग चुकलं की शिक्षा म्हणून बेडूकउड्या. पोरगं शेतातलं पण पळायची सवय नव्हती, बारावीनंतर वर्षभर मोबाईलच बघत बसलेलं. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. तिथल्या मास्तरांनी ओळखीच्या डॉक्टरकडनं दुखायचं इंजेक्शन मारून आणलं आणि दुसऱ्या दिवशी परत लायनीत उभा केला. मग मामी त्याला घेऊन माझ्याकडं आली. ती फिल्म मीच काढली. स्वच्छ होती. आणि मी शहाणा, रिपोर्ट यायच्या आधीच म्हणलं, मामी काही नाही, हाड चांगलंय, मसल दुखत असतील.

तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा चालताच येत नव्हतं. त्याच जागेवर फिल्ममध्ये हाडाच्या कडेला नवीन हाड साचलेलं आणि मधून बारीक रेघ. स्ट्रेस फ्रॅक्चर. मला कोर्समध्ये शिकवलं होतं की पहिले दोन-तीन आठवडे हे साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये लवकर कळतं, शिकवलं होतं आणि तरी बोलून बसलो. तेव्हापासून अशा पोरांना मी फक्त एवढंच विचारतो की दुखतं कुठं ते एका बोटानं दाखव. पूर्ण हात नडगीवरनं वरखाली फिरवला तर बहुतेक वेळा नुसती नडगी भरलेली असते, त्याला पोरं शिनपेन म्हणतात. एकच बोट एकाच जागी दाबलं आणि रात्री झोपेतही ठणकतं म्हणाला तर मी सांगतो की फिल्म चांगली आली तरी पळू नकोस, डॉक्टरांना एमआरआयचं विचार.

हे दुखणं नवीन नाही. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं लिहून ठेवलंय की कूच करून करून रंगरूटांचे पाय सुजतात. एक्स-रेचा शोधच १८९५ चा, त्यामुळं आत हाड मोडलंय हे त्याला कळायला मार्ग नव्हता, ते १८९७ मध्ये एक्स-रे काढल्यावर कळलं. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली हे माहिती होऊन आणि आपल्याकडचे मास्तर अजून म्हणतात, पोरगं नाटक करतंय.

आता मुद्द्याची अकॅडमी. चालवणारे सुभेदार साहेब पायदळातनं रिटायर झालेत, नोकरीतली बरीच वर्षं पीटीचे उस्ताद होते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अ‍ॅडमिशनचं विचारायला गेलतो आणि तासभर माझीच चौकशी झाली. पोरगं मागच्या सहा महिन्यांत किती पळालंय, कुठं मोडलं होतं, किती दिवस झाले, तंबाखू खातो का, बिडी-सिगरेट आहे का, जेवतो काय, झोपतो किती. सगळं एका लांब वहीत. मी म्हणलं साहेब एवढं कशाला, तर म्हणाले, "जो घरनं बसून आलाय तो आधी मोडतो. सेंटरला बी तेच व्हायचं. पहिल्या दीड-दोन महिन्यातच एमआय रूम भरायची." (सेंटर म्हणजे भरती झाल्यावरचं आर्मीचं ट्रेनिंग सेंटर, एमआय रूम म्हणजे तिथला दवाखाना.)

पहिले दोन आठवडे पळायचंच नाही. जोरात चालणं, पुलअपच्या दांड्याला लटकणं, पोटाचे आणि पिंढरीचे व्यायाम, एवढंच. मामाचा पोरगा फोनवर रडत होता की दादा ही लोकं नुसतं चालायला लावतात, इथं माझं वर्ष जाणार. तिसऱ्या आठवड्यापासून मुरमाच्या ग्राउंडवर एक दिवसाआड पळणं, तेही अंतर थोडं थोडं वाढवत, आणि दर चौथ्या आठवड्याला अंतर परत निम्म्यावर. साहेबांनी हे निम्म्याचं कारण ज्या पद्धतीनं सांगितलं ते मला आमच्या सरांनीही कधी सांगितलं नव्हतं. हाडावर नवीन जोर आला की शरीर आधी जुनं हाड उकरतं आणि मग नवीन भरतं. उकरलेलं असतं त्या काही आठवड्यांत ते कच्चं असतं. "रस्ता उकरून ठेवलाय आन डांबर पडायच्या आधीच कारखान्याचे उसाचे ट्रॅक्टर सोडले, मग काय हुणार?" आमच्याकडच्या रस्त्यांवर राहणाऱ्याला यापुढं काही सांगायची गरज नाही.

कोणी म्हणेल एवढ्या लाडानं टायमिंग कसं निघणार. मीही हेच म्हणलो होतो. घरी येऊन वाचलं तर अमेरिकेच्या मरीन रंगरूटांवर हा प्रयोग कधीच झालेला आहे, बारा आठवड्यांच्या ट्रेनिंगमधलं पळायचं अंतर ५५ मैलांवरनं ३३ वर आणलं तर स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून खाली आले आणि तीन मैलांच्या रेसमधला फरक किती, तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास. आता अर्धं मिनिट म्हणजे आपल्या भरतीत खूप झालं हे मान्य, १६०० मीटरला ५ मिनिट ३० सेकंदाच्या आत आलात तर ६० मार्क आणि ५:३१ ते ५:४५ मध्ये आलात तर ४८, इथं सेकंदाचा हिशोब असतो. पण प्लॅस्टर घातलेल्या पोराला टायमिंगच नसतं ना.

बुटांचं सांगायला पाहिजे कारण सगळ्यात जास्त पैसे तिथं जातात आणि आमचेही गेले. पाय मोडल्यावर घाबरून मी त्याला एका मोठ्या शोरूममध्ये नेलं, तिथं मशीनवर उभं करून पायाची कमान बघितली, लाल-निळं चित्र दाखवलं आणि ६,२०० चे बूट गळ्यात मारले. साहेबांनी ते बूट हातात घेतले, वाकवून बघितले, म्हणाले चांगले आहेत पण साधे दोन हजाराचे मापाचे असते तरी चाललं असतं. मला राग आला खरं सांगतो. नंतर कळलं की अमेरिकेत आर्मी, एअर फोर्स आणि मरीन, तिन्हीकडं हजारो रंगरूटांवर हे करून बघितलंय, अर्ध्यांना कमान बघून बूट आणि अर्ध्यांना सरसकट एकच बूट, आणि इजा होण्यात म्हणावा असा फरक निघालाच नाही. झटका खाणाऱ्या इनसोलचा मात्र थोडा उपयोग दिसतो, पण तोही पक्का म्हणावा असा नाही. तसंच पळायच्या आधीच्या स्ट्रेचिंगचं. ऑस्ट्रेलियाच्या आर्मीत १,५३८ रंगरूटांवर बारा आठवडे बघितलं, स्ट्रेचिंग करणारे आणि न करणारे सारखेच जखमी झाले. जे मुळात पळण्यात कच्चे आले होते तेच जास्त मोडले, म्हणजे परत साहेबांच्या वहीचा पहिलाच प्रश्न. म्हणून इथं सकाळी नुसतं ताणत बसवत नाहीत, हळू जॉगिंग करून अंग गरम करतात.

पण बुटांची शिस्त वेगळ्या जागी आहे. रोज संध्याकाळी सात वाजता पाय तपासणी. पोरं कट्ट्यावर ओळीनं बसतात, मोजे काढून, आणि साहेब स्वतः टॉर्च घेऊन प्रत्येकाचे तळवे, बोटांमधली जागा, नखं बघतात. फोड आलेला असला तर ओरडत नाहीत, मोजे ओले ठेवले असले तर मात्र आईबाप निघतात. प्रत्येकाकडं मोज्यांचे चार जोड सक्तीचे, आणि नवीन बूट आधी चार दिवस नुसते चालायला घालायचे. शेवटच्या दोन महिन्यांत दिवसाकाठी अर्धा तास जुने ड्रिल बूटही घालायला देतात, कारण सेंटरला गेल्यावर अचानक कडक बूट आणि टाच आपटणं सुरू होतं, तेव्हा पायाला ओळख पाहिजे. हे मला लय आवडलं. बाकीच्यांचा विचार ग्राउंड (भरतीची पळण्या-पुलअपची परीक्षा) निघेपर्यंतच असतो, पुढं ट्रेनिंगला पोराचं काय होईल ते त्याच्या नशिबावर.

आणि सिक रिपोर्ट. भिंतीवर फळा आहे, ज्याला दुखतंय त्यानं सकाळी साडेपाचच्या आत नाव लिहायचं, कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखवायचं (हे बोट मी साहेबांना शिकवलं असं मी घरी सांगतो, प्रत्यक्षात त्यांना आधीपासनं माहिती होतं). त्याला त्या दिवशी पळणं नाही, सायकल किंवा विहिरीत पोहणं. कोणी चेष्टा केली तर चेष्टा करणारा पोळ्या लाटायला. जांघेत दुखतंय म्हणाला तर मात्र लगेच गाडीत घालून हॉस्पिटल, तिथं थांबायचं नाही, कारण मांडीच्या हाडाची मान मोडली तर ऑपरेशनशिवाय गत नसते आणि भरती कायमची संपते. दुखायच्या गोळ्या पोरांच्या पेटीत सापडल्या तर जप्त. ताकदीची इंजेक्शनं सापडली तर त्याच दिवशी एसटीत बसवतात, फी परत न करता. एकाला बसवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, त्याचे वडील गेटवर भांडत होते.

उन्हाचं बघा. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीला ५ किलोमीटर पळताना पोरं गेली, मग ते अंतर कमी केलं. २०२४ मध्ये झारखंडात एक्साइज कॉन्स्टेबलच्या भरतीला १० किलोमीटर पळवलं, दहाच्या वर पोरं गेली. हे दोन्ही साहेब नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगतात. मार्चपासून पळणं सकाळी सातच्या आत बंद. बाहेरगावनं, विशेष करून कोकणातनं किंवा महाबळेश्वरकडनं आलेल्या पोराला इथल्या उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस हलकं काम. ग्राउंडच्या कडेला म्हशींचा सिमेंटचा हौद आहे, पळायच्या वेळी तो भरलेला पाहिजे असा नियम. मी म्हणलं हे काय, तर म्हणाले पोरगं उन्हानं पडलं, बरळायला लागलं की आधी हौदात, मग ॲम्ब्युलन्स. गळ्यापर्यंत पाण्यात, एकानं डोकं धरायचं, बर्फ असेल तर बर्फ. हे अगदी बरोबर आहे, जगभर हेच सांगतात की आधी गार करा मग न्या, वाटेतला अर्धा तासच मारतो. पाणीही नुसतं ढोसू देत नाहीत, लिंबू-मीठ-साखर घालून घोटघोट. नुसतं पाणी अति प्यायलं तरी रक्तातलं मीठ उतरून माणूस पडतो, हे आमच्याकडं किती जणांना माहितीय?

जेवण मोजून चार ओळींत, कारण चव साधीच आहे. सकाळी मोड आलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, दोन केळी, दोन अंडी. दुपारी भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक. रात्री दूध. आठवड्यातनं दोनदा चिकन, शाकाहारी पोरांना पनीर (थोडं कमी देतात अशी तक्रार आहे). नवीन पोराचं व्हिटॅमिन डी आणि हिमोग्लोबिन तपासून आणायला लावतात आणि कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तसं घ्यायचं. मला आधी लॅबवाल्याशी सेटिंग वाटलं होतं. पण २००८ मध्ये अमेरिकेच्या नेव्हीत पाच हजारांवर मुली रंगरूटांना कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी देऊन बघितलं होतं, स्ट्रेस फ्रॅक्चर साधारण वीस टक्क्यांनी कमी झाले. मामाच्या पोराचं डी नऊ आलं होतं, म्हणजे फारच कमी. दिवसभर उन्हात असणाऱ्याच्या घरातलं पोरगं, नऊ! रात्री साडेनऊला लाईट बंद आणि मोबाईल पेटीत, कारण साहेबांचं म्हणणं झोपेत हाड भरतं. इस्रायलच्या आर्मीत रंगरूटांची झोप किमान सहा तास केली आणि चालण्याचं अंतर कमी केलं तेव्हा तिथंही हे फ्रॅक्चर निम्म्याच्या खाली आले. त्यातलं झोपेचं श्रेय किती आणि चालण्याचं किती हे वेगळं काढणं अवघड, पण पोरं मोबाईलवर नसतात हा आईबापाला बोनस.

आता तक्रारी, आणि आहेत.

४८ पोरांना चार संडास. पहाटे पाच वाजता काय होत असेल कल्पना करा. जुलैमध्ये पोटाची साथ आली, एका रात्रीत अकरा पोरं आडवी. टाकी झाकलेली नव्हती, तेच कारण असणार असा माझा अंदाज. साहेबांनी दुसऱ्या दिवशी झाकण बसवलं, हात धुवायला साबणाची दोरी टांगली, पण हे आधी करायला काय झालं होतं? पायाची एवढी काळजी घेणारा माणूस पोटाच्या बाबतीत गाफील, हे मला पटलं नाही आणि मी तोंडावर सांगितलं.

हॉलमध्ये कॉट फार जवळ आहेत. बराकीत एकाला आलं की सगळ्यांना येतं, कांजिण्या, गालफुगी, खोकला, खरूज, सगळं. बॅरेकमधली ही जुनी गोष्ट आहे, अमेरिकेत तर फक्त रंगरूटांच्या तापासाठी एक वेगळी लस आहे, ती बनवणं बंद पडलं तेव्हा ताप परत उसळला आणि २०११ मध्ये परत चालू करावी लागली. इथं एक साधी युक्ती केलीय, एका कॉटवर उशी भिंतीकडं तर शेजारच्या कॉटवर उलटी, म्हणजे तोंडाशी तोंड येत नाही. खिडक्या थंडीतही उघड्या. गालफुगीचा एक पोरगा लगेच वेगळ्या खोलीत टाकला आणि घरी पाठवला, साथ तिथंच थांबली. तरी कॉट कमी कराव्यात असं माझं मत आहे, फी वाढली तरी चालेल. नायट्याचा त्रास मात्र आहेच, पोरं एकमेकांचे टॉवेल वापरतात आणि मेडिकलवाल्याकडनं विचारून कुठलंही मलम लावतात, ज्यात स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं मग दुप्पट पसरतं. इथं साहेबांची टॉर्च पोचत नाही.

मुली घेत नाहीत. आत्याच्या मुलीला जायचंय, मुलींना ही हाडाची दुखणी मुलांपेक्षा जास्त होतात, म्हणजे खरं तर अशी जागा तिला जास्त गरजेची, आणि तिच्यासाठी आसपास काही नाही. साहेब म्हणतात राहायची सोय नाही. बघू.

लेखी परीक्षेचं शिकवणं सो-सो. २०२३ पासून आर्मीत आधी ऑनलाइन पेपर आणि मग ग्राउंड झालंय, त्यामुळं पेपरातच गेलात तर शाबूत नडगीचा उपयोग काय. गणिताचे सर आठवड्यातनं तीनदाच येतात. मामाच्या पोरानं वेगळा ऑनलाइन क्लास लावला.

फी महिन्याला ९,५०० जेवणासकट. आसपास ७,००० मध्येही मिळतं. पहिल्या अकॅडमीत वाचवलेले पैसे आम्ही एमआरआय, डॉक्टर आणि वाया गेलेल्या वर्षात घालवले, तो हिशोब ज्यानं त्यानं करावा.

रिझल्ट विचारणार तर सांगतो. पोरानं ५:४१ काढलं, पुलअप दहा मारले, मेरिटमध्ये बसला. ५:३० आलं असतं का? साहेबांनी अजून थोडं ताणलं असतं तर कदाचित. ही खंत मामाला आहे, मला नाही. आता तो ट्रेनिंगला आहे. रविवारी फोन येतो, पाच-सात मिनिटं. मामी विचारते जेवलास का, मामा विचारतो पगार आला का, आणि मग फोन माझ्याकडं येतो. मी म्हणतो बोट ठेव. तो म्हणतो, "दादा, कुठंबी दुखत नाय, नुसता टाचंला फोड आलाय, मोजे वाळलेच नाहीत पावसानं." त्याच्या पलटणीतली दोन पोरं पायाच्या दुखण्यावरनं मागच्या बॅचला गेलीत म्हणाला.

चार स्टार. पाचवा संडास बांधल्यावर.